शॉवरची धार आणि मोठ्या आईचे कानमंत्र

बेटा, नेरला घर बांधलंस, झकास केलंस. न्हाणीला छतापर्यंत टाइल्स लावल्यास, वर हा एवढा चौकोनी शॉवर बसवलास आणि आता म्हणतोस की डोक्यावरचा साबण तसाच राहतो. सूनबाई म्हणते पंप घेऊ. दुकानदारही तेच म्हणेल, त्याला दुसरं काय सुचणार? मी म्हणते, थांब जरा. पंप कुठे पळून जात नाही. नेर परसोपंत असो की यवतमाळ, टाकीवर चालणाऱ्या घरात पाण्याची दुखणी दोनच. एक तर टाकी पुरेशी उंच नसते, नाहीतर पाणी वाटेत कुठेतरी अडलेलं असतं. अडलेलं पाणी मोकळं करणं बहुतेक वेळा फुकटात भागतं, म्हणून सुरुवात तिथून. शॉवरपासून निघायचं आणि मागे मागे जात टाकीपर्यंत चढायचं. लोक उलटं करतात. आधी टाकी बदलतात, मग पाइप आणि शेवटी कळतं की शॉवरच्या जाळीत वाळू होती. आमच्या घरात म्हण आहे, आम्हीच केलेली: जाळी झाडली नाही आणि टाकी बदलली.

१. दहा लिटरची बादली शॉवरखाली ठेव आणि घड्याळ बघ — दीड मिनिटात भरली तर मिनिटाला साडेसहा लिटर पाणी पडतंय, आणि तेवढ्यात माणूस स्वच्छ निघतो. मग तक्रार पाण्याची नाही, हौसेची.

२. शॉवर फिरवून काढ आणि नुसत्या पाइपाखाली तीच बादली भर — पाइपाची धार जोरात असेल तर चोर शॉवरमध्येच आहे. पाइपही रडत असेल तर मागे चल.

३. टाकी काठोकाठ असताना एकदा मोज आणि संध्याकाळी उतरल्यावर एकदा — दोन्हींत फार फरक आला तर तुझं दुखणं उंचीचं आहे, त्याचं पुढे बोलू.

४. स्वयंपाकघरातली तोटी पूर्ण उघडून परत मोज — तिकडे भांडी सुरू झाली की इकडे शॉवर मरत असेल, तर दोघांना पाणी देणारा पाइप बारीक आहे.

५. गरम आणि थंड वेगवेगळं मोज — दोन्ही मंद असतील तर दोष सगळ्या लाइनीचा, फक्त गरम मंद असेल तर गिझरचा. थंड जोरात येतंय आणि लोक टाकी उचलायला निघतात, बापा!

६. मापं कागदावर तारीख घालून लिही — दुरुस्तीवर पैसे गेले की मनाला धार आपोआप मोठी वाटायला लागते, बादलीला वाटत नाही.

आता शॉवर. आपल्याकडे बोअरचं पाणी काळ्या दगडातून येतं आणि येताना चुना-मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असंही. कितीतरी बोअर या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असतात. नळाच्या मागे जो पांढरा थर धरतो, बादलीच्या काठावर जे कडं बसतं, तेच शॉवरच्या छिद्रांत बसतं. फक्त तिथे दिसत नाही.

७. महिन्यातून एकदा शॉवर काढून कोमट पाण्यात व्हिनेगर किंवा चमचा-दोन चमचे लिंबूसत्व घालून दोन-तीन तास बुडवून ठेव — आंबट पाण्यात चुन्याचा थर विरघळतो, घासाघाशी लागत नाही. उकळतं पाणी घेऊ नकोस, आतलं प्लास्टिक वाकतं.

८. शॉवर भिंतीतून निघत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत तेच पाणी भर आणि रबरानं शॉवरला बांध — थर विरघळायला वेळ लागतो, ताकद नाही. सोनेरी किंवा काळ्या मुलाम्याचा शॉवर असेल तर मात्र अर्ध्या तासात सोड, मुलामा उतरतो.

९. हे काम बादलीत कर, फरशीवर नाही — कोटा, शहाबादी, कडप्पा हे सगळे चुन्याचेच दगड. शॉवरचा चुना खाणारं पाणी फरशीचाही खातं, मग सूनबाई तुला खाईल.

१०. छिद्रांवर रबरी टोकं असतील तर रोज आंघोळ झाल्यावर अंगठा फिरव — ओला थर बोटानं निघतो, वाळला की दगड होतो.

११. सुई, खिळा, यातलं काहीही छिद्रात घालू नकोस — एकदा छिद्र वाकडं झालं की धार जन्मभर भिंतीला आंघोळ घालते. जुना टूथब्रश पुरे.

१२. संडास धुवायचं ॲसिड शॉवरला दाखवूसुद्धा नकोस — पितळ खातं, चकाकी खातं. आणि कुठलंही आंबट किंवा ॲसिड ब्लीचिंगच्या पाण्यात मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस.

१३. शॉवर जिथे पाइपाला बसतो तिथली जाळी बाहेर काढून झाड — टाकीचा गाळ, टेफ्लॉन टेपचे धागे, पाइप जोडायच्या सोल्यूशनचे तुकडे, नव्या घराचा सगळा इतिहास तिथे जमा होतो.

१४. नवा शॉवर लावायच्या आधी पाइप दोन मिनिटं मोकळा सोड — प्लंबरची घाण बादलीत जाऊ दे, जाळीत नको.

१५. हँडशॉवरची नळी हातात धरून सरळ कर — बाहेरून स्टीलची वेणी छान दिसते आणि आतली रबरी नळी पिळलेली असते. नळी बदल, शॉवर बदलू नकोस.

१६. शॉवर चालू असताना खालच्या तोटीतून पाणी गळतंय का बघ — गळत असेल तर पाणी वर पाठवणारा डायव्हर्टर थकलाय, आणि तू आपलं अर्धं पाणी पायावर घेतोयस.

१७. कमी दाबाच्या घरात लहान तोंडाचा शॉवर घे — पाणी तेवढंच आहे, छिद्रं चौपट केली की प्रत्येकीच्या वाट्याला पाझर येतो. तुझा तो चौकोनी शॉवर पाहुण्यांना दाखवायला ठेव.

१८. अमेरिकेतल्या आत्यानं शॉवर पाठवला तर आभार मान आणि आत एकदा डोकाव — तिकडे १९९२ च्या कायद्यानं शॉवरला मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटरची मर्यादा आहे, म्हणून आत पाणी अडवणारी चकती असते. ती मर्यादा मोजतात चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलोहून जास्त दाबावर. आपल्या टाकीचा दाब पाव किलोही भरत नाही, तेव्हा तिथे पाणी वाचवणारी चकती इथे आंघोळ वाचवते.

१९. शॉवरला लावायच्या त्या फिल्टरच्या डब्या घेऊ नकोस — एवढ्याशा डबीत कठीण पाणी मऊ होत नाही, धार मात्र नक्की कमी होते. पाणी खरंच मऊ करायचं तर मिठावर चालणारं मोठं सॉफ्टनर लागतं, आणि त्याची निगा ज्याला जमेल त्यानंच ते घ्यावं.

शॉवर झाला. आता वॉल्व्ह. यात तासाभराचं काम आहे, पण त्यातून निघतं फार. चावी अर्धी, तक्रार पूर्ण, हीसुद्धा आपल्या घरचीच म्हण.

२०. घरातला प्रत्येक वॉल्व्ह शोधून काढ आणि पूर्ण उघडा आहे का बघ — प्लंबर काम संपवून घाईनं जातो, एखादा अर्धाच उघडून. वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही.

२१. बॉल वॉल्व्हची दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद — तिरकी म्हणजे कुणीतरी 'थोडंसं' केलंय.

२२. जुना चाकाचा गेट वॉल्व्ह असेल तर चाक फिरतं यावर विश्वास ठेवू नकोस — आतली पाती दांडीपासून तुटून खाली पडते, चाक मजेत फिरत राहतं आणि पाणी अडलेलंच. बदलायचा झाला तर पूर्ण तोंडाचा बॉल वॉल्व्ह घाल.

२३. दर दोन महिन्यांनी प्रत्येक वॉल्व्ह एकदा बंद करून उघड — न हलवलेल्या वॉल्व्हला क्षार धरतो, आणि पाइप फुटला त्या रात्री तो हलत नाही.

२४. वॉल्व्हवर खडूनं का होईना नाव लिही, 'न्हाणी', 'स्वयंपाक', 'गिझर' — पाहुण्यांच्या गर्दीत वीज गेलेली असताना कोणता कोणाचा हे आठवत नाही.

गरम पाण्याचं वेगळं सांगते, कारण तिथे चूक महागात पडते.

२५. गरम धार मंद असेल तर गिझरच्या आत जाणाऱ्या पाइपावरचा एकमार्गी वॉल्व्ह आधी तपास — त्यात क्षार अडकला की तो अर्धाच उघडतो.

२६. गिझरचा सेफ्टी वॉल्व्ह थेंबथेंब गळतो म्हणून त्याला बूच मारू नकोस — तापलेल्या पाण्याला फुगायला जागा लागते. ती बंद केलीस तर टाकीच फुटते.

२७. गॅस गिझर कमी दाबात पेटत नाही, म्हणून तो खोलून छेडछाड करू नकोस — पाण्याचा किमान दाब मिळाल्याशिवाय त्यानं गॅस सोडायचा नाही, अशीच त्याची घडण असते. धार सुधारली की तो आपोआप पेटतो.

२८. आणि गॅस गिझर न्हाणीच्या आत असेल तर शॉवरचा विचार उद्यावर टाक, आज तो बाहेर काढ — बंद दारात जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, धूर नाही, माणूस आंघोळ करता करता पडतो. खिडकी उघडी ठेवतो, एवढ्यावर माझं समाधान होणार नाही.

२९. सोलर लावलास तर थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीहून वर हवा — साध्या सोलरमध्ये पाणी उतारानंच जातं. थंड टाकी खाली राहिली तर सोलर अर्धा रिकामा राहतो आणि तुला वाटतं ऊन कमी पडलं.

३०. थंड लाइनीला पंप आणि गरम लाइन तशीच, असं कधी करू नकोस — मिक्सरमध्ये जोराचं थंड पाणी गरम पाण्याला मागे ढकलतं. मग सूनबाईनं गरम उघडलं तरी थंडच येतं, आणि ती तुझ्याकडे बघते.

आता पाइप. भिंतीतल्या पाइपाला आपण हात लावत नाही, पण गच्चीवरचा आणि टाकीखालचा दिसतो, आणि बहुतेक चोरी तिथेच होते. टाकीतून अर्धा इंचाचा एक पाइप निघतो आणि त्यावरच दोन न्हाण्या, स्वयंपाकघर, कुलर, अंगणातली तोटी, सगळं. दोनशे माणसांच्या पंगतीला एकच वाढपी, मग शेवटच्या पानावर वरण कुठून येणार?

३१. टाकीतून निघणारा पाइप सव्वा-दीड इंचाचा ठेव आणि खाली येता येता बारीक कर, न्हाणीपर्यंत पाऊण इंच — अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच केला की त्याच उंचीवर पाणी सुमारे तिप्पट वाहतं. पंपाच्या किमतीपुढे पाइपाची किंमत काहीच नाही.

३२. न्हाणीला टाकीपासून स्वतंत्र लाइन दे — भांडी, कुलर आणि आंघोळ यांचं भांडण कायमचं मिटतं.

३३. काटकोनी वळणं मोज आणि जिथे जमेल तिथे कमी कर — पाऊण इंची पाइपावरचा एक एल्बो म्हणजे सरळ पाइपाची दीड-दोन फूट लांबी वाढवल्यासारखं. मिस्त्रीला भिंतीची काळजी असते, धारेची तुला करावी लागेल.

३४. जुन्या घरातली लोखंडी जीआय लाइन असेल तर तिला नव्या शॉवरची आशा दाखवू नकोस — आत गंज आणि क्षार चढून अर्ध्या इंचात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. गरम पाण्याला सीपीव्हीसी घाल, यूपीव्हीसी गरम सोसत नाही.

३५. जोड करताना प्लंबरला सोल्यूशन पातळ लावायला सांग, आणि तिथे उभी राहून सांग असं सूनबाईलाही सांग — जास्तीचं सोल्यूशन आत ओघळून कायमचा बांध होतो, आणि तो नंतर दिसत नाही.

३६. गच्चीवर पाइप कठड्यावरून किंवा पाण्याच्या टाकीहून उंच चढवून पुन्हा खाली आणू नकोस — त्या उंचवट्यात हवा अडकते आणि पाणी तिच्या मागे उभं राहतं. लोक पाइप बदलतात, हवा तशीच राहते.

३७. टाकीच्या बाहेर येणाऱ्या पाइपावर टाकीच्या काठाहून उंच एअर पाइप लाव — खालून पाणी खेचलं जाताना हवेला यायला-जायला दार लागतं. त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांध, डेंगूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात.

३८. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर भरल्यावर सगळ्यात खालची तोटी आधी उघड, खोकत खोकत हवा निघून जाऊ दे — शॉवर आधी उघडलास तर हवा तिथेच गोळा होते.

३९. गच्चीवरच्या पीव्हीसीला रंग दे किंवा झाकून टाक — आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. उन्हानं पाइप तडकतोच, आणि दुपारी शॉवर उघडला तर चहाचं पाणी येतं.

४०. अंगणातून येणारा पाइप नुसत्या काळ्या मातीत पुरू नकोस, खाली-वर वाळू किंवा मुरूम घाल — काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर फाटते, आणि दर वर्षी पाइपाचे सांधे ओढते.

४१. रात्री सगळ्या तोट्या बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण कर, सकाळी बघ — पाणी उतरलेलं असेल तर भिंतीत किंवा जमिनीत कुठेतरी गळतंय, आणि तुझी धार तिकडे खर्च होतेय.

यानंतर टाकी. इथे एक हिशेब सांगते, मास्तरणीसारखा, पण एकदा समजला की जन्मभर पुरतो. ३३ फूट उंच पाण्याचा दाब एक किलो. टाकी केवढी आहे याला त्यात किंमत नाही. ५०० लिटरची असो की ५,०००, दाब उंचीचाच. तुझ्या घराचा स्लॅब दहा फुटांवर, टाकी त्याच्यावर टेकवलेली आणि शॉवर सात फुटांवर. म्हणजे टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत उंची मिळते तीन फूट. एका किलोचा अकरावा भाग! यात गरीब शॉवर काय करेल? पाणी मागायचं तर उंची द्यावी लागते.

४२. टाकी सहा फूट उंच स्टँडवर चढव — तीन फुटांचे नऊ फूट झाले, उंची तिप्पट, आणि धार साधारण पावणेदोन पट. वीज नको, आवाज नको, लाइन गेली तरी चालतं.

४३. पण स्टँड कुणाकडूनही वेल्डिंग करून घेऊ नकोस, ते भिंत आणि बीमच्या वर येईल असं बघ — हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन. स्लॅबच्या मधोमध चार लोखंडी पाय रोवले तर खालच्या खोलीत झोपणाऱ्याचा विचार आधी कर.

४४. टाकी उचलणं जमत नसेल तर शॉवर अर्धा फूट खाली आण — तीन फुटांत अर्धा फूट मिळवणं म्हणजे सहावा हिस्सा. घरात सहा फुटी कुणी नाही, सात फुटांवर शॉवर कुणासाठी लावलाय?

४५. आंघोळी टाकी भरलेली असताना उरकून घ्या — हजार लिटरची टाकी चारेक फूट उंच असते. काठोकाठ भरली की तीन फुटांचे सात होतात, तळाशी गेली की परत तीन. नळ एक दिवसाआड येत असेल तर दुसऱ्या दिवशीची आंघोळ बादलीनं, त्यात कमीपणा नाही.

४६. टाकीतून बाहेर जाणारा पाइप तळापासून दोन-तीन इंच वर ठेव आणि अगदी तळाला गाळ काढायचं वेगळं बूच — नाहीतर पावसाळ्याच्या पहिल्या गढूळ पाण्याचा गाळ सरळ शॉवरच्या जाळीत.

४७. टाकी वर्षातून दोनदा धू, पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत — झाकण मात्र रोजचं घट्ट. उजेड आत गेला की शेवाळ, फट राहिली की कबुतराचं पीस.

आता नळाच्या लाइनीचं. इथे मी थोडी कडक बोलेन, रागावू नकोस.

४८. नगरपरिषदेच्या नळाला मोटर थेट लावायची नाही — तुझ्याकडे धार येते तेव्हा पुढच्या घरची आजी कोरड्या नळाखाली गुंड ठेवून बसलेली असते. आणि ओढ लागली की पाइपाच्या तडकलेल्या सांध्यांतून नालीचं पाणीही आत येतं, ते तुझ्याच टाकीत पडतं. जप्त झाली मोटर तर मी सोडवायला येणार नाही.

४९. जमिनीत हौद बांध, नळाचं पाणी आपल्या गतीनं त्यात पडू दे, आणि मोटर हौदातून टाकीत चढव — केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत एकमजली वस्तीसाठी नळाच्या जोडणीपाशी ७ मीटर दाब धरला होता, दुमजलीला १२, तिमजलीला १७. तेवढाही सगळीकडे, सगळ्या वेळी मिळतोच असं नाही. नगरपरिषदेचं पाणी तुझ्या गच्चीवरच्या उंच स्टँडवर चढेलच अशी कुणी हमी दिलेली नाही, तेव्हा रागही धरू नकोस.

५०. नळाचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळ्या टाकीत ठेवता आलं तर ठेव, आंघोळीला जे कमी कठीण आहे ते दे — साबण फेसाळतो, केस राठ होत नाहीत, आणि शॉवरची सफाई महिन्यावरून तीन महिन्यांवर जाते.

५१. शॉवर सुधारला की सगळ्यांना पाच मिनिटांचा नियम लाव, तुझ्या त्या गाणी म्हणणाऱ्या पोट्ट्याला आधी — मिनिटाला आठ लिटरनं पाच मिनिटं म्हणजे चाळीस लिटर, बादलीच्या आंघोळीच्या दुप्पट. आपला जिल्हा हे विसरू शकत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तेव्हा यवतमाळ शहरानं टँकरमागे धावून दिवस काढले.

एवढं सगळं करून बादली अजूनही दीड मिनिटात भरत नसेल, तर घे बापा पंप. माझं पंपाशी काही वैर नाही. बसक्या छताच्या घरात तोच उपाय असतो.

५२. दोन न्हाण्यांच्या घराला अर्ध्या अश्वशक्तीचा प्रेशर पंप पुरतो — मोठा घेतलास तर जुने सांधे एकेक करून उसवतील.

५३. पंप टाकीच्या बाहेर येणाऱ्या पाइपावर, सावलीत आणि पावसापासून झाकून बसव, आणि बाजूनं एक वळणाचा पाइप एकमार्गी वॉल्व्हसह ठेव — वीज गेली की पाणी त्या वाटेनं उतारानं येत राहील. हे वळण दुकानदार आपणहून सांगत नाही.

५४. गिझरच्या पाटीवर किती दाब सोसतो ते वाच आणि मगच पंप निवड — साडेसहा-आठ किलो लिहिलेलं असेल तर चिंता नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर तो गिझर पंपाच्या वाटेला लावू नकोस. साध्या सोलरलाही पंपाचा दाब नको.

५५. पंपाला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच — ओल्या अंगानं ज्या पाण्याखाली उभं राहायचं, त्याच पाण्यात ही मोटर फिरते. इथे काटकसर करणाऱ्याला मी घरात घेत नाही.

५६. रिकाम्या टाकीवर आपोआप बंद होणारा पंप घे — कोरडा फिरला की त्याचं सील जळतं, आणि टाकी रिकामी होते ती नेमकी आपण गावाला गेल्यावर.

शेवटचं एक. या सगळ्यातलं काही आजोबांना लागू नाही. ते शॉवरखाली उभे राहणार नाहीत, कितीही धार आण. त्यांच्या बाजूला भिंतीत पकडायला मजबूत दांडी बसव, खाली न घसरणारी पट्टी टाक, स्टूल आणि हँडशॉवर हाताशी ठेव, आणि त्यांची बादली आणि मग्गा जिथे आहेत तिथेच राहू दे.